मढहून येणारे पाहुणे

तेरवणकर रविवारचे पेपर कात्रीने वाचत. अंधेरी पूर्वेच्या आमच्या वसाहतीत त्यांची तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा होती. रविवारी सकाळी चार दैनिकांच्या पुरवण्या खाटेवर पसरायच्या, एकाच विषयावर दोघातिघांनी लिहिलेले लेख शोधून कापायचे, लेखकाचं नाव कापून केराच्या डब्यात टाकायचं आणि उरलेले तुकडे शेजारी शेजारी मांडून बसायचं, हा त्यांचा देवपूजेच्या जागी असलेला कार्यक्रम. मग येईल त्याला समोर बसवून विचारायचे, “हां, सांग बघू. कोणाला काय झालंय?” दवाखान्यात तीन रोगी ओळीने झोपवावेत तसे ते तीन लेख दिसायचे.

एकदा पवईच्या तलावात मगर दिसली म्हणून सगळ्यांनी आपापले लेखक धाडले होते. एकाच्या लेखात पूर्वेला केशराचा सडा पडला होता आणि तो वाळेपर्यंत दीड स्तंभ संपला होता. दुसऱ्याने तलाव किती खोल, किती रुंद आणि महापालिकेचा त्याच्याशी संबंध काय, हे सांगितलं होतं. तिसऱ्याची पवईच्या वाटेवर पाठ अवघडली होती. तेरवणकरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि निदान केलं, “पहिल्याने सूर्य बघितला, दुसऱ्याने कचेरी बघितली, तिसऱ्याने आरसा बघितला. मगर कोणी बघितली रे?”

त्यांचा खरा राग अवतरणचिन्हांवर होता. लेखात कोणी गरीब माणूस बोलायला लागला की ते पेन्सिल उचलायचे. मगरीच्या लेखात तलावावरचा एक म्हातारा ‘ही मगर म्हणजे आमच्या जलाशयाचा आत्मा आहे’ असं म्हणाला होता. तेरवणकर चिडले की तोंडात मालवणी येई. “ह्यां तुका कोणी सांगल्यान, मेल्या?” ते त्या कागदालाच विचारू लागले. “जलाशयाचो आत्मा! तो म्हातारा म्हणाला असेल, साहेब, मागे व्हा, पाय घसरेल.”

मी तेव्हा नुकताच आमच्या दैनिकाच्या पुरवणीत लागलो होतो. एम.ए.ला शैलीविचार हा विषय घेतल्यामुळे मला शैली कळते असा माझा आणि माझ्या आईचा समज होता. तेरवणकर त्याच पुरवणीत होते, पण ते वाचकांचा पत्रव्यवहार आणि पाककृतींचं सदर बघायचे. ‘चवीपुरते मीठ’ यातलं ‘चवीपुरते’ म्हणजे किती, हे ते पाककृती पाठवणाऱ्या बाईंना पोस्टकार्ड टाकून विचारायचे. हाच माणूस दहाएक वर्षांपूर्वी पुरवणीतला सर्वांत लाडका लेखक होता, त्यांच्या लेखांनी वाचक रडत आणि पत्रांची थैली भरे, असं जुने लोक सांगत. मग काय झालं, हे नक्की कोणी सांगत नसे. कोणी म्हणे हात आटला, कोणी म्हणे संपादकांशी बिनसलं.

पहिल्या रविवारी त्यांनी माझ्यापुढे दोन जुनी, पिवळी पडलेली कात्रणं ठेवली. दोन्ही वेसाव्याच्या एकाच कोळिणीवर. तिचा नवरा होडीसकट समुद्रात गेलेला, परत न आलेला. पहिल्या लेखाचं नाव ‘किनाऱ्यावरची सावित्री’. त्यात वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा, खारा वारा, मोजकं बोलणारी ती बाई, आणि शेवटी एक वाक्य: ‘बोलता बोलता तिचे डोळे पुन्हा पुन्हा पाण्याकडे वळत होते, जणू आता, या क्षणी, कोणी येणार होते.’ दुसऱ्या लेखाला शीर्षकही धड नव्हतं. नवरा कधी गेला, घरात कोण आहे, सुकी मासळी कोणत्या बाजारात जाते, आणि शेवट असा: ‘त्यांच्याकडे पाहुणे यायचे असल्याने बोलणे आवरते घ्यावे लागले.’

“सांग.”

मी सांगितलं. पहिला हात उस्तादाचा आहे, दुसरा कारकुनाचा. पहिल्यात शेवट आहे, दुसऱ्यात नुसता लेख संपलाय. मी ‘सूचकता’ हा शब्द वापरला, बहुधा दोनदा.

तेरवणकरांनी कात्रणं उचलली. “पोहे खाऊन जा,” एवढंच म्हणाले आणि आत वहिनींना हाक मारली. मला वाटलं, मी पास झालो. पहिला लेख त्यांचा होता, हे मला ऑफिसात कळलं, आणि मग तर खात्रीच पटली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या दैनिकाचा रौप्यमहोत्सव आला. आमचे संपादक स्वतःला ‘ही लेखणी’ म्हणत; ‘या लेखणीला आज सर्दी आहे’ असा निरोपही मी ऐकलेला आहे. त्यांनी निवडक लेखांचं पुस्तक काढायचं ठरवलं. पुस्तकाला नाव सुचवायला एक समिती, त्या समितीला चहा देण्यासाठी दुसरी समिती. पहिला लेख कोणता, यावर मात्र मतभेद नव्हता. किनाऱ्यावरची सावित्री. पार्ल्याच्या सभागृहात मंत्र्यांच्या हस्ते प्रकाशन, आणि ‘प्रत्यक्ष सावित्री’ला व्यासपीठावर बसवून साडीचोळी.

तेरवणकर म्हणाले, “माझा लेख नको.”

संपादक हसले. “लेख तुमचा असेल, छापलाय आपण. विनय पुरे, तेरवणकर.” आणि मला म्हणाले, “तू त्यांच्याकडे जातोस ना रविवारी? समजाव.”

मी समजावायला गेलो तेव्हा तेरवणकर चपला घालूनच उभे होते. “चल,” म्हणाले. “कुठे?” “जिच्यावर लिहिलं तिच्याकडे.” वेसाव्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मान बाहेर वळवून, बाहेर दिसणाऱ्या खाजणाला सांगावी तशी.

जानकीबाईंचा नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरच्यांनी वाट बघून शेवटी त्याचे विधीही उरकले होते. तेरवणकर लेखासाठी गेले तेव्हा त्या बोंबील उलटत होत्या. म्हणाल्या, विचार काय ते, पण लवकर, दुपारी पाहुणे यायचेत. दुसऱ्या दैनिकाचे पाटकरही त्याच वेळी तिथे होते. दोघांनी तेच ऐकलं, तेच बघितलं. पाटकरांनी पाहुणे येणार म्हणून लिहिलं. तेरवणकरांना मात्र बाई सारखी पाण्याकडे बघते हे दिसलं आणि त्यांचा लेख जागच्या जागी तयार झाला.

“पाहुणे कोण, हे विचारायला किती वेळ लागतो रे?” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “पण विचारलं असतं तर वाक्य मोडलं असतं. विधी झालेत हे मला माहीत होतं. ते मी गाळलं. विधी झाले म्हटल्यावर ती वाट कोणाची बघणार?”

पाहुणे खाडीपलीकडून, मढहून, होडीने येणार होते. म्हणून ती पाण्याकडे बघत होती. मढचा एक विधुर, त्याची आई आणि मामा जानकीबाईंचा पाट ठरवायला येत होते. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट, आणि कोळीवाड्यात त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पाहुणे आले, बोलणं झालं, सगळं जमलं. पुढच्या रविवारी लेख आला.

शाळेतल्या गुरुजींनी तो देवळापुढे मोठ्याने वाचला. बायका रडल्या. मंडळाने लेख चौकटीत घालून भिंतीला लावला. दिराला अचानक आपल्या घरात सावित्री असल्याचं कळलं, आणि फुकट राबणारे दोन हात घरातच राहणार हेही कळलं. मढहून निरोप आला. म्हाताऱ्या आईने विचारलं होतं, सावित्रीला पाट कसा लावायचा? लोक तोंडात शेण घालतील. महिन्याभरात मंडळाने जानकीबाईंचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे तेरवणकर.

“मी तासभर बोललो,” ते म्हणाले. “उतरून खाली आलो, बाईंना नमस्कार केला. ती म्हणाली, झाला तुझा? आता मढशी कोन येल रे? मी म्हटलं, मढशी कोण यायचं होतं? तेव्हा तिने सांगितलं.”

“मग तुम्ही दुसरा लेख का नाही लिहिलात?”

“लिहिला. संपादक म्हणाले, लोकांच्या डोळ्यांतलं पाणी पुसायचं काम आपलं नाही. आणि त्याच आठवड्यात मला पुरवणीचा प्रमुख केलं.” मग म्हणाले, “मी हट्ट धरला नाही. पुढे सहा महिन्यांनी प्रमुखपण सोडलं, लेख सोडले. त्याचा तिला काय उपयोग? मला वाटलं, मी शिक्षा घेतली. शिक्षा तर ती भोगत होती.”

जानकीबाई अंगणात जाळ्याच्या ढिगापाशी कोलंबी निवडत बसल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, सावळ्या. तेरवणकरांना बघून त्यांनी हात थांबवला नाही. “आला पेपरवाला. आन हा कोन? तुझा पोर?”

“नाही. माझ्यासारखाच आहे.”

“आरं देवा.”

तेरवणकरांनी सगळं सांगितलं. पुस्तक, पार्ल्याचं सभागृह, साडीचोळी. जानकीबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “परत? अरे, आत्ता कुठं लोक इसराय लागलेत. दर नारळी पुनवेला मना मांडवान खुर्चीवर बसवतान. डोक्यान वेणी घातली तर बोलतान, हिचा नवरा येवाचा हाय वाटतं. नाय घातली तर बोलतान, हिनं आस सोडली. बाजारान मोठ्यानं हसली तरी दिराच्या कानावर. सावित्री हसत नव्हती काय रे? तू शिकलेला हायेस ना?”

हा प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारला होता. मी, शैलीविचाराचा एम.ए., कोलंबी मोजू लागलो.

“लेख ते छापणारच,” तेरवणकर म्हणाले. “माझ्या हातात एवढंच आहे, की छापण्याआधीची मुद्रितं मी तपासणार. शेवटी खरं काय ते घालतो. पाहुणे कशाला येणार होते ते. तुम्ही हो म्हणालात तर. नाही म्हणालात तर नाही.”

आतून दिराचं खाकरणं ऐकू आलं. जानकीबाईंनी आवाज कमी केला नाही. “घाल. सगला घाल. फकस्त त्याचा नाव नको घालू. त्याला बायको हाय आता, दोन पोरं हायत. तिला कशाला तरास?”

मग तेरवणकरांनी असा प्रश्न विचारला, की मला वाटलं हे पुस्तकासाठी नाही. “त्या दिवशी काय बोलले ते?”

“कोन?”

“पाहुणे.”

जानकीबाईंनी पहिल्यांदा हात थांबवले. “आई बोलली, कालवन कोन करल, सासू का सून. मामा झोपला. आन तो...” त्या हसल्या, खरंच मोठ्याने. “तो बोलला, तुझ्या दारानशी दर्या दिसतो, माझ्या दारानशी पन तोच दिसतो. तुला काय नवीन नाय वाटनार. मी बोलली, चालल.”

तेरवणकरांच्या खिशात पेन्सिल होती. त्यांनी ती काढली नाही. येताना बसमध्ये ते एकच वाक्य बोलले, “याहून चांगला शेवट होता रे तिथे.” आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, कोणी घाण शिवी हासडल्यावर ठेवावा तसा.

लेखाच्या शेवटी त्यांनी चार वाक्यं जोडली. मला ती पाठ आहेत: ‘त्या दुपारी जानकीबाईंकडे मढहून पाहुणे यायचे होते, त्यांचा पाट ठरवायला. म्हणून त्या पाण्याकडे बघत होत्या. पाहुणे कोण, हे मी विचारले नाही, आणि नवऱ्याचे विधी झाले होते हे माहीत असून लिहिले नाही. या लेखामुळे तो पाट मोडला.’ संपादकांनी छापण्याआधी लेख वाचला नाही. या लेखणीने तो एकदा वाचून अश्रू ढाळले होते, तेवढं पुरेसं होतं. जानकीबाईंचं आमंत्रण पोचवायची जबाबदारी तेरवणकरांनी स्वतःकडे घेतली, आणि ते पोचवलं नाही.

पार्ल्याचं सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर इतके मान्यवर होते, की स्वागताध्यक्षांना खुर्ची मिळाली नाही आणि ते स्वतःचं स्वागत होईपर्यंत विंगेत उभे राहिले. तेरवणकर पहिल्या रांगेत टोकाला, त्यांच्या शेजारी वहिनी, मग मी. मंत्र्यांनी पुस्तकाची फीत सोडली, हार घालून घेतला, घाम पुसला, आणि म्हणाले, की अशा साहित्याबद्दल मी काय बोलणार, मी त्यातलाच एक परिच्छेद वाचतो. त्यांनी पहिल्या लेखाचं शेवटचं पान उघडलं.

त्यांना वाचायची सवय भाषणांची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज चढवायची. बोंबलांच्या रांगा गेल्या, खारा वारा गेला, पाण्याकडे वळणारे डोळे आले. तेरवणकर खुर्चीच्या कडेवर आले होते. आता शेवटची चार वाक्यं. मंत्र्यांनी तीही त्याच चढत्या आवाजात वाचली. “या लेखामुळे,” ते म्हणाले, आणि हात वर केला, “तो पाट मोडला!”

मला वाटलं, आता लोकांना कळेल. मंत्री सवयीने टाळ्यांसाठी थांबले, आणि टाळ्या पडल्या. मागून पडल्या, पुढून पडल्या, संपादकांनी तर उभं राहून वाजवल्या. माझ्या शेजारी वहिनीही वाजवत होत्या. नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “शेवट किती छान केलात हो.”

पुढच्या रविवारी एका दैनिकात परीक्षण आलं. ‘लेखकाने अखेरीस स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची जी कल्पक क्लृप्ती योजली आहे, ती ललित लेखनातला एक धीट प्रयोग म्हणावी लागेल.’ तेरवणकरांनी ते कापलं नाही. पेपर घडी करून मला दिला. “खरं बोललो, रे,” ते म्हणाले. “तरी त्यांना माझा हातच दिसला. चांगलं लिहायची इतकी सवय लागली होती मला.”

वेसाव्यात मात्र ते शेवटचं पान पोचलं. गुरुजींनी ते वाचलं, पण देवळापुढे नाही. दिराने चारचौघांत तेरवणकरांना शिव्या घातल्या. भिंतीवरची चौकट कोणीतरी काढली, आणि त्या नारळी पौर्णिमेला मांडवात जानकीबाईंची खुर्ची नव्हती. ही बातमी मी पळत जाऊन सांगितली. मला वाटलं, त्यांना हलकं वाटेल. ते पाककृतीचं पत्र वाचत होते. “खुर्ची गेली, बरं झालं,” म्हणाले. “मढचं घर तर भरलेलंच आहे ना?” आणि पुन्हा पत्रात डोकं घातलं. त्यांचं समाधान होईल असा कोणताच निकाल आता शिल्लक नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी एक लेख लिहिला होता. दुरुस्त झाला तो लेख. माणसाच्या आयुष्याची मुद्रितं कोणी आणून देत नाही.

निवृत्तीनंतर रविवारची कात्री चालूच राहिली, पण लोक येणं कमी झालं. लोकांना निदान नको होतं, पोहे हवे होते. सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा एका दुपारी जेवून उठताना तेरवणकर गेले. फार कोणाला त्रास न देता गेले, असं म्हणण्याची पद्धत आहे. वहिनींना विचारायला हवं.

दिवस झाल्यावर मी वहिनींकडे बसलो होतो, तेव्हा दारात जानकीबाई उभ्या राहिल्या. कोणी सांगितलं, कशा आल्या, कळेना. हातात पाटी नव्हती, नऊवार नीट चोपून नेसलेली, आणि अंबाड्यावर वेणी. वहिनींनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी उठून म्हणालो, “वहिनी, या जानकीबाई. वेसाव्याच्या.”

“अगंबाई! म्हणजे लेखातल्या?” वहिनींनी हात जोडले. “बसा ना. किती सुंदर लिहिलं होतं हो तुमच्यावर.”

जानकीबाई बसल्या. खाटेकडे, खाटेवरच्या पेपरांच्या गठ्ठ्याकडे त्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, “तुजा मानूस वाईट नव्हता, बाई. पावनं माझं येवाचं होतं आन घाई त्याला झाली.”

“कसले पाहुणे?” वहिनींनी विचारलं.

जानकीबाईंनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तेरवणकरांनी ती गोष्ट घरात सांगितली नव्हती. पुस्तकात छापली, भरल्या सभागृहात मंत्र्याकडून वाचून घेतली, आणि शेजारी बसलेल्या बायकोनेही ती नुसती शेवटाची सजावट समजून टाळ्या वाजवल्या तेव्हा गप्प राहिले.

वहिनी उत्तराची वाट बघत होत्या. जानकीबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “चा टाक. सांगते.”